कुलूप चोरासाठी, अडवणूक गिऱ्हाइकाची

ईदी हातात पडली की पूर्वी मुलांची धाव फुगेवाला, पाळणे आणि आइस्क्रीमच्या गाडीकडे असायची. आता बारा-चौदा वर्षांचा मुलगा चार घरची ईदी मोजून अब्बांसमोर येतो आणि म्हणतो, "मला कम्प्युटरची गेम घ्यायची आहे. दोन हजारांना आहे." दोन हजार ऐकून अब्बांच्या कपाळाला आठ्या पडतात. तेवढ्यात एखादा आतेभाऊ सांगतो, "मामू, पैसे कशाला घालवता? मी पेनड्राइव्हवर फुकट आणून देतो." बऱ्याच घरांत विषय इथेच मिटतो.

काही घरांत मात्र अम्मी किंवा अब्बा ठामपणे सांगतात, "फुकटचे नको. ज्यांनी मेहनत करून बनवली त्यांचा हक मारायचा नाही. पैसे देऊनच घे." हे पालक योग्यच करतात. एक मोठी गेम तयार करायला शेकडो माणसे कित्येक वर्षे खपतात. त्यात प्रोग्रॅम लिहिणारे असतात, चित्रकार असतात, संगीतकार, लेखक आणि आवाज देणारे कलाकार असतात. त्यांची घरे या विक्रीवर चालतात. नक्कल करायला पाच मिनिटे लागतात म्हणून चोरी ही चोरी राहत नाही, असे होत नाही.

अडचण पुढे येते. पैसे देऊन घेतलेली गेम सुरू करताना ती नोंदणी मागते, पासवर्ड मागते, इंटरनेट मागते. नेट नसेल तर काही गेम्स उघडतच नाहीत. आणि शेजारच्या मुलाने चोरून उतरवलेली तीच गेम मात्र काहीही न विचारता चालते, कारण चोरट्यांनी तिच्यातला सगळा पहारा काढून टाकलेला असतो. मग मुलगा विचारतो, "अब्बा, पैसे मी दिले, मग अडवणूक माझीच का?" या प्रश्नाचे उत्तर पालकांजवळ असायला हवे. त्यासाठी हा मामला मुळापासून समजून घेऊ या.

पहारा आला कुठून?

गेमची चोरी नवी नाही आणि तिच्यावरचे पहारेही नवे नाहीत. १९८० आणि १९९० च्या दशकांत गेम्स फ्लॉपीवर मिळत. फ्लॉपीची नक्कल सहज होई. म्हणून गेम सुरू होताना प्रश्न विचारी, 'सोबतच्या पुस्तिकेतील अमुक पानावरील अमुक ओळीतला शब्द सांगा.' पुस्तिका हरवली तर खरा मालकही बाहेरच राही. नंतर सीडी आली. तेव्हा मूळ सीडी यंत्रात घातल्याशिवाय गेम चालेना. सीडीवर ओरखडा पडला की पैसे पाण्यात.

त्यानंतर इंटरनेट आले आणि पहारेकरी थेट कंपनीच्या दारात बसला. गेम बसवताना कंपनीच्या सर्व्हरकडून परवानगी घ्यायची, काही गेम्समध्ये खेळताना सतत सर्व्हरशी जोडलेले राहायचे. या सगळ्या बंदोबस्ताला मिळून 'डिजिटल राइट्स मॅनेजमेंट' म्हणतात, थोडक्यात डीआरएम. नाव मोठे असले तरी काम कुलपाचे आहे. फरक इतकाच की घराच्या कुलपाची किल्ली घरमालकाच्या खिशात असते. या कुलपाची किल्ली विकणाऱ्याच्या खिशात राहते.

तीनदा बसवा, मग विनवणी करा

२००८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजेच ईए, या कंपनीने 'स्पोर' नावाची गेम बाजारात आणली. एका सूक्ष्म जिवापासून सुरुवात करून अंतराळापर्यंत पोहोचण्याचा हा खेळ होता आणि त्याची जगभर वाट पाहिली जात होती. पण तिच्यात 'सिक्युरॉम' नावाचे कुलूप होते आणि अट अशी की ही गेम फक्त तीन वेळा सक्रिय करता येईल. संगणक बिघडला, विंडोज पुन्हा टाकावे लागले, नवा संगणक घेतला की एकेक वेळ खर्ची पडण्याची भीती. तीन वेळा संपल्या की कंपनीला फोन करून आपण चोर नाही हे पटवून द्यायचे.

ग्राहक खवळले. ॲमेझॉनवर हजारो लोकांनी या गेमला एकच तारा दिला आणि कारण लिहिले, डीआरएम. कंपनीवर अमेरिकेत दावाही दाखल झाला. मग मर्यादा तीनवरून पाचवर नेण्यात आली. आणि चोरांचे काय झाले? टोरेंटफ्रीक या संकेतस्थळाच्या मोजणीप्रमाणे त्या वर्षी जगात सर्वांत जास्त चोरून उतरवली गेलेली गेम स्पोरच ठरली, सुमारे १७ लाख वेळा. ज्याच्यासाठी कुलूप लावले तो खिडकीतून आत गेला. दारात ताटकळत उभा राहिला तो पावती हातात असलेला माणूस.

नेट गेले, खेळ गेला

२०१० मध्ये फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने आणखी एक पाऊल पुढे टाकले. 'असॅसिन्स क्रीड २' ही गेम संगणकावर एकट्याने खेळायची असली तरी इंटरनेट सतत चालू हवे, अशी अट घातली. सुरुवातीला तर जोडणी मध्येच तुटली की खेळाडू बाहेर फेकला जाई आणि मधली मेहनत वाया जाई. मार्चमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि पैसे भरलेल्या काही ग्राहकांना काही तास खेळताच आले नाही. ग्राहकाचा संगणक ठीक होता, नेटही ठीक होते. बंद पडले होते ते कंपनीचे दार. २०१२ पर्यंत युबिसॉफ्टने ही सततच्या जोडणीची अट मागे घेतली आणि एकदाच नोंदणी पुरेशी ठरवली.

इतर कंपन्यांनी यातून धडा घेतला असे मात्र झाले नाही. मे २०१२ मध्ये ब्लिझार्डची 'डायब्लो ३' आली. पहिल्याच दिवशी सर्व्हरवर इतकी गर्दी उसळली की लाखो लोकांना पडद्यावर 'एरर ३७' एवढेच दिसले. दक्षिण कोरियात ग्राहकांनी तक्रारींचा पाऊस पाडला, तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने चौकशी सुरू केली आणि अखेर कंपनीला तिथल्या ग्राहकांना काही अटींवर पैसे परत द्यावे लागले.

मार्च २०१३ मध्ये ईएने 'सिमसिटी' आणली. शहर वसवण्याचा हा खेळ वर्षानुवर्षे लोक घरात निवांत एकट्याने खेळत आले होते. नव्या आवृत्तीत तोही सर्व्हरशी बांधला गेला. सर्व्हर कोलमडले. कित्येक दिवस लोक रांगेत अडकले, वसवलेली शहरे गायब झाली. ॲमेझॉनने काही काळ तिची डाउनलोड विक्रीच थांबवली. कंपनीने भरपाई म्हणून ग्राहकांना दुसरी एक गेम फुकट दिली. नेटशिवाय ही गेम चालवणे सोपे नाही असे आधी सांगण्यात आले होते. बाहेरच्या हौशी जाणकारांनी काही दिवसांतच ती नेटशिवाय चालवून दाखवली, आणि वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीनेही ऑफलाइन खेळण्याची सोय दिली.

आपल्याकडे हा त्रास दुप्पट होतो. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर दोन तास चालतो, पण राउटर बंद पडतो आणि त्यासोबत गेमही. मे महिन्यात मुले नानीच्या गावी जातात. कोकणातल्या कित्येक वाड्यांवर आजही रेंज शोधायला डोंगराच्या टोकाला जावे लागते. सुट्टीत खेळायला म्हणून नेलेली गेम तिथे नोंदणीच्या पानावरच अडून बसते.

ज्यांच्या घरचे कुणी आखातात आहे त्यांना आणखी एक अनुभव येतो. दुबईतून चाचा प्रेमाने प्लेस्टेशनचे गिफ्ट कार्ड पाठवतात. भारतातील खात्यावर ते चालत नाही, कारण ज्या देशाचे कार्ड त्या देशाचेच खाते लागते आणि खाते उघडताना निवडलेला देश नंतर बदलता येत नाही. एका देशातला स्वस्त माल दुसरीकडे विकला जाऊ नये म्हणून ही भिंत घातलेली असते. पण तिच्यावर डोके आपटते ते भाच्या-पुतण्यांना भेट देणाऱ्या माणसाचे.

संगणकावरचे ओझे

आजचे सर्वांत चर्चेतले कुलूप म्हणजे ऑस्ट्रियातील कंपनीचे 'डेन्यूव्हो'. २०१४ पासून अनेक मोठ्या गेम्समध्ये ते वापरले जाते. ते फोडणे खरोखर अवघड आहे, हे मान्य करावे लागेल. पण ते गेमच्या आत बसून काम करते, त्यामुळे संगणकाला जादा काम पडू शकते, अशी तक्रार नेहमी होते. कंपनी ही तक्रार फेटाळते. प्रत्येक गेममध्ये असे होतेच असेही नाही. एक उदाहरण मात्र पक्के आहे.

मे २०२१ मध्ये जपानच्या कॅपकॉमची 'रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज' आली. ही प्रौढांसाठीची भयकथा आहे, मुलांसाठी नाही. तिच्यात डेन्यूव्हो आणि कॅपकॉमचे स्वतःचे अशी दोन कुलपे होती. पैसे भरून खेळणाऱ्यांना ऐन मोक्याला गेम अडखळत असल्याचे जाणवत होते. जुलैमध्ये चोरट्यांनी कुलूप काढलेली आवृत्ती बाहेर आणली, तेव्हा तिच्यात हे अडखळणे नव्हते. डिजिटल फाउंड्री या तांत्रिक परीक्षण करणाऱ्या मंडळींनी दोन्ही तपासून याला दुजोरा दिला. त्यानंतर कॅपकॉमने दुरुस्ती दिली आणि चोरीविरोधी तंत्रात सुधारणा केल्याचे त्यात नमूद केले. म्हणजे काही आठवडे परिस्थिती अशी होती की चोरीचा माल खऱ्या मालापेक्षा चांगला चालत होता. दुकानदारासाठी याहून वाईट जाहिरात कोणती?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंटेलने नवे प्रोसेसर आणले. त्यांत काही कोअर वेगवान आणि काही वीज वाचवणारे होते. कित्येक गेम्सच्या कुलपांना हे दोन प्रकार म्हणजे दोन वेगळे संगणकच वाटले आणि त्यांनी खेळ बंद पाडला. इंटेलला अशा गेम्सची यादी प्रसिद्ध करावी लागली आणि मग दुरुस्त्या आल्या. ज्याने गेमही विकत घेतली आणि नवा महागडा संगणकही, तोच संशयित ठरला.

विकत घेतले की भाड्याने?

इथपर्यंतचा त्रास काही तासांचा किंवा काही दिवसांचा होता. याहून गंभीर बाब म्हणजे घेतलेली वस्तू कायमची हातून जाणे.

२०१५ मध्ये विंडोज १० आले. जुन्या सीडींवर 'सेफडिस्क' नावाचे कुलूप असे. ते विंडोजच्या अगदी आतल्या भागात शिरून काम करी आणि त्यातून संगणकाच्या सुरक्षेला धोका होता. म्हणून मायक्रोसॉफ्टने त्याला नव्या विंडोजमध्ये थारा दिला नाही. मायक्रोसॉफ्टचा निर्णय सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच होता. पण परिणाम असा की कपाटात जपून ठेवलेल्या, पैसे मोजून घेतलेल्या असंख्य सीडी नव्या संगणकावर निरुपयोगी झाल्या. गेम चांगली होती, सीडी चांगली होती. फक्त कुलूप म्हातारे झाले आणि त्याने सगळा माल सोबत नेला.

दुसरे उदाहरण ताजे आहे. युबिसॉफ्टची 'द क्रू' ही मोटारी पळवण्याची गेम डिसेंबर २०१४ मध्ये आली. एकट्याने खेळतानाही ती कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेली असावी लागे. ही अट केवळ चोरी रोखण्यासाठी होती असे म्हणता येणार नाही, कारण खेळाची रचनाच एकत्र खेळण्याची होती. पण ग्राहकाच्या दृष्टीने परिणाम तोच. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले. त्यानंतर ग्राहकांच्या खात्यातून तिचा परवानाही काढून घेण्यात आला. पूर्ण किंमत देऊन घेतलेली वस्तू एका तारखेला शून्य झाली. कॅलिफोर्नियात काही ग्राहक न्यायालयात गेले. कंपनीचे म्हणणे होते की ग्राहकांनी गेम विकत घेतलीच नव्हती, मर्यादित वापराचा परवाना घेतला होता.

कागदावर हे खरे असेलही. गेम घेताना 'मान्य आहे' या बटणाखाली जी लांबलचक कलमे असतात, त्यांत असेच काहीसे लिहिलेले असते. पण बटणावर मोठ्या अक्षरांत काय असते? 'खरेदी करा.' बाजारात माल विकताना त्यातले वैगुण्य गिऱ्हाइकाला आधी सांगावे, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून दिली जाते. ज्या वस्तूचे आयुष्य विकणाऱ्याच्या मर्जीवर आहे, तिच्या बाबतीत हे वैगुण्य लपवून 'खरेदी' म्हणणे हा सरळ व्यवहार नाही.

हे आता कायद्यालाही पटू लागले आहे. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून नवा कायदा लागू झाला. त्यानुसार विक्रेता वस्तू नंतर काढून घेऊ शकत असेल, तर हा केवळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी' हा शब्द वापरता येत नाही. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. तिची मागणी साधी आहे: सर्व्हर बंद करायचे तर करा, पण त्याआधी विकलेली गेम ग्राहकाकडे चालत राहील अशी सोय करून जा. या मागणीच्या अधिकृत नागरिक अर्जावर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक युरोपीय नागरिकांनी सह्या केल्या. युबिसॉफ्टनेही मालिकेतील पुढच्या दोन गेम्सना ऑफलाइन सोय देण्याचे सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले.

कंपन्यांचीही बाजू ऐकली पाहिजे

एकाच बाजूचे ऐकून निवाडा करणे बरे नव्हे. चोरीमुळे कंपन्यांचे नुकसान होते, ही काल्पनिक गोष्ट नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात डेन्यूव्हो असलेल्या ८६ गेम्स तपासल्या गेल्या. गेम बाजारात आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुलूप फुटले तर उत्पन्नात सरासरी सुमारे २० टक्के घट होते, असा अंदाज त्यात निघाला. शंभरातले वीस रुपये म्हणजे लहान कंपनीसाठी पगार देणे आणि न देणे यातला फरक आहे.

पण त्याच संशोधनात दुसरीही गोष्ट आढळली. कुलूप सुमारे १२ आठवडे टिकले, तर त्यानंतर ते फुटल्याने होणारे नुकसान जवळजवळ शून्य असते. कारण बहुतेक विक्री पहिल्या तीन महिन्यांतच होऊन गेलेली असते.

या दोन आकड्यांत सगळ्या वादाचा निकाल दडलेला आहे. कुलपाचा उपयोग तीन महिन्यांचा, आणि ग्राहकाने त्याचे ओझे मात्र जन्मभर वाहायचे, हे कशासाठी? काही कंपन्यांनी हे ओळखले आहे. 'डूम' या २०१६ सालच्या गेममधून तिच्या कंपनीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डेन्यूव्हो काढून टाकले. रेसिडेंट ईव्हिल व्हिलेजमधूनही ते २०२३ मध्ये निघाले. लग्नाच्या मांडवाला चार दिवस पहारा ठेवणे समजू शकते. लग्न उरकल्यावरही पाहुण्यांची झडती चालूच ठेवली, तर पुढच्या वेळी कोण येईल?

कुलपाविना दुकान

पोलंडमध्ये १९९४ साली सीडी प्रोजेक्ट नावाची कंपनी निघाली. तेव्हा तिथल्या बाजारांत चोरीच्या सीडी उघड विकल्या जात, आपल्याकडे एकेकाळी फुटपाथवर मिळत तशाच. या कंपनीने परदेशी 'बाल्डर्स गेट' ही गेम आणताना एक वेगळा विचार केला. संवाद पोलिश भाषेत करून घेतले, खोक्यात नकाशा, पुस्तिका आणि संगीताची सीडी घातली. चोराकडे जे मिळू शकत नाही ते गिऱ्हाइकाला द्यायचे. लोकांनी पैसे देऊन ती गेम घेतली.

याच कंपनीने २००८ मध्ये जीओजी हे ऑनलाइन दुकान सुरू केले. तिथल्या गेम्सना डीआरएम नसते. फाइल उतरवून घ्या, हार्डडिस्कवर जपून ठेवा, उद्या दुकान बंद पडले तरी ती चालेल. २०१५ मध्ये या कंपनीने आपली मोठी गेम 'द विचर ३' तिथे पहिल्या दिवसापासून कुलपाशिवाय विकली. पहिल्याच दिवशी चोरीला सारे दार मोकळे होते. तरीही सर्व प्रकारच्या यंत्रांवर मिळून २०२३ पर्यंत तिच्या ५ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. प्रत्येक कंपनीचे असे होईल असा दावा करता येणार नाही. पण गिऱ्हाइकावर विश्वास ठेवला की धंदा बुडतोच, हे म्हणणे खोटे ठरवायला एवढे पुरे आहे.

आपला कायदा काय म्हणतो?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५-अ हे कलम घालण्यात आले. कॉपीराइटचे उल्लंघन करण्याच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप तोडणे हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. हेतू हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. दुसरीकडे याच कायद्याचे कलम ५२ कायदेशीररीत्या मिळवलेल्या संगणक प्रोग्रॅमची, हरवणे किंवा खराब होणे यापासून बचाव म्हणून, राखीव प्रत ठेवण्याची मुभा देते. कायदा देतो ती मुभा कुलूप मात्र बहुतेक वेळा वापरू देत नाही, ही खरी गोम आहे.

ग्राहक म्हणूनही आपण अगदीच निराधार नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याखालचे ई-कॉमर्सचे नियम भारतातील ग्राहकांना नियमितपणे माल वा सेवा विकणाऱ्या परदेशी ऑनलाइन दुकानांनाही लागू होतात. तक्रार आल्यावर ४८ तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे ही तक्रार अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. तिथे दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. त्यापुढे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही.

पैसे देण्याआधी

पालकांनी आणि मुलांनी मिळून पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट, विक्रीच्या पानावरील बारीक अक्षरे. स्टीमवर उजव्या बाजूला त्या गेममध्ये बाहेरचे डीआरएम आहे का, दुसऱ्या कंपनीचे खाते लागते का, हे लिहिलेले असते.

दुसरी, एकट्याने खेळतानाही सतत नेट लागते का? लागत असेल तर ती गेम गावी, प्रवासात किंवा लाइट गेल्यावर चालणार नाही, असे धरून चालावे.

तिसरी, पहिल्या दिवशी घेण्याची घाई करू नये. सहा महिने थांबले तर दुरुस्त्या झालेल्या असतात, किंमत बहुधा उतरलेली असते आणि कधी कधी कुलूपही निघालेले असते.

चौथी, तीच गेम कुलपाविना दुसऱ्या दुकानात मिळते का ते पाहावे. दोन पैसे जास्त पडले तरी ती खऱ्या अर्थाने आपली होते.

पाचवी, पैसे परत मिळण्याची मुदत लक्षात ठेवावी. स्टीमवर खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून घेतल्या-घेतल्या आपल्या संगणकावर ती नीट चालते का ते तपासून घ्यावे.

सहावी, पावतीचा ईमेल आणि चुकीचा संदेश दिसला तर त्याचा फोटो जपून ठेवावा. तक्रारीत हाच पुरावा असतो.

आणि एक मोह टाळावा. पैसे भरले आहेत, मग कुलूप काढलेली प्रत उतरवली तर काय बिघडले, असे वाटू शकते. अशा फायलींत पासवर्ड आणि बँकेची माहिती चोरणारे व्हायरस दडवलेले असतात. घरातल्या ज्या संगणकावर वीजबिल भरले जाते, त्याच संगणकावर हा धोका घेणे शहाणपणाचे नाही.

मुलाच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे: बेटा, तुझी अडवणूक झाली हे खरे आहे आणि ती चुकीची आहे. बनवणाऱ्याचा हक आपण दिला, आता घेणाऱ्याचा हक आपण मागू. त्याच्यासोबत बसून कंपनीला चार ओळींची तक्रार लिहा, पावती जोडा, तारीख टाका आणि उत्तराची वाट पाहा. स्पोरची मर्यादा वाढली, सिमसिटी नेटशिवाय चालू लागली, कोरियात पैसे परत मिळाले. या प्रत्येक वेळी पैसे भरलेल्या सामान्य माणसांनी तक्रार लिहिली होती.